महारुद्र बिराजदारांच्या घराचा नकाशा

पहिला नकाशा मी फार प्रेमानं काढला होता.
दीड हात रुंद काळ्या दगडाच्या भिंती,
वर सागवानी कड्या, कड्यांवर धाबं,
धाब्यावर पांढरी माती.
भिंतीत अकरा देवळ्या.
कॉलेजात सर म्हणायचे, गावाकडं बघा,
गावाला सगळं येतं.

अप्पांनी कागद उलटा धरून पाहिला,
मग सुलटा.
तेरणेकडून वारा येत होता. एका कोपऱ्यावर त्यांनी
चष्म्याचं घर ठेवलं, दुसऱ्यावर पानाचा डबा.
म्हणाले, देवळ्या अकरा कशाला बाई,
दिवे तर एलईडी हायत.
मी हसले.
त्यांचं बोट तोवर धाब्यावर पोचलं होतं
आणि तिथंच थांबलं.
'हे कुणाच्या डोस्क्यावर?'

मी सांगू लागले,
बाहेर बेचाळीस असलं तरी आत कसं गार राहतं,
स्लॅब मात्र रात्रभर तव्यासारखा

'ठावं हाय,' ते म्हणाले.
'सव्वीस वर्षं त्याच गारव्यात झोपलो.
चतुर्दशीला गणपती बुडवून आलो,
पाय दुखालते, बाहेरच बाजेवर पडलो.
चौघं आत होती. गारव्यात.'

मैनोद्दीन गवंडी बराच वेळ
तळहातावर तंबाखू मळत राहिला.

त्या साली माझा जन्मही झाला नव्हता.
माझ्या पोर्टफोलिओत मात्र त्या भिंतींचे फोटो होते,
कृष्णधवल, खाली बारीक टायपात:
मराठवाड्याची अस्सल भिंत.

दुसऱ्या दिवशी मैनोद्दीननं
जुन्या गावठाणात नेलं, वेड्या बाभळीतून.
एक भिंत अर्धी उभी होती, पोट उघडं.
'ही बघा तुमची अस्सल.'
आतून एक तोंड, बाहेरून एक तोंड,
मधे गोटे नि चिखल.
एकाही दगडानं पलीकडच्याचा हात धरलेला नव्हता.
'दोन भिंती होत्या मॅडम. दिसायची एक.
अन् वर दरसाल गळती, म्हणून दरसाल माती.
आज्यानं घातली, बापानं घातली.
काढली कुणीच न्हाई.'

मी वहीत काहीच लिहिलं नाही.
बाभळीचा काटा चपलेतून वर आला होता,
तो काढत बसले.

दुसरा नकाशा मी रबरानंच जास्त काढला.
दगड फक्त कमरेपर्यंत,
दर दोन हातांवर एक लांब जोडदगड, आरपार,
त्यावर चारी बाजूंनी काँक्रीटचा पट्टा, वर वीट.
छप्पर पत्र्याचं,
खाली तुराट्यांचा ताटवा, शेणामातीनं लिंपलेला,
पातळ, एका माणसाला उचलता येईल इतका.
पत्रा म्हटल्यावर अप्पांचा चेहरा सैलावला.
पत्र्याच्या शेडात त्यांनी चार वर्षं काढली होती,
दुसरं लग्न तिथंच लागलं.
पावसात मंगलाष्टका ऐकूच आल्या नाहीत म्हणे.

दगड उरला बराच.
निलंग्याच्या ठेकेदाराला विकू, मी म्हटलं.
अप्पा म्हणाले, नको. दारापुढं कट्टा करा.
दगडावर आपण बसावं,
दगडानं आपल्यावर न्हाई.

घर झालं. पुण्याहून मासिकाचा फोटोवाला आला,
ताटव्याच्या सावल्या पाहून खूश झाला.
अकरांपैकी एक देवळी उरली होती,
तिच्यात मोबाइल चार्जिंगला लावलेला, तसाच टिपला.
मग कट्ट्यावरची बाज बघून म्हणाला,
ही जरा हलवता येईल का?

अप्पा अजून बाहेरच झोपतात.
थंडीतसुद्धा, कानाला मफलर बांधून.

'राहू द्या,' मी म्हटलं.

कट्टा रस्त्याच्या हद्दीत अडीच फूट जातो.
ग्रामपंचायतीत दिलेल्या नकाशात
मी तो दाखवलेला नाही.