दोन ओळींची जागा

पाणीकपातीच्या सूचनेखाली
दोन ओळींची जागा उरली होती,
म्हणून लिहिलं मी:
आज आईला एक फोन करा.

सव्वानऊला टाकलं.
चहा घेऊन येईस्तोवर
अख्खं नेरुळ उठून बसलेलं.

पाणी द्या आधी, आईचं आमचं आम्ही बघू.
फक्त आईला? बापाचं काय घोडं मारलं?
ही कुठल्या पक्षाची आई?
सेक्टर सहामधल्या एका गृहस्थांनी विचारलं,
शुद्धलेखन कोण तपासतं तुमच्याकडे.
मी ओळ पाच वेळा वाचली.
आई तर बरोबर होती.

एका बाईंनी लिहिलं,
तिनं उलथनं तापवून डाग दिलाय मला, मांडीवर.
तिला करू?

मी कप खाली ठेवला.

साहेब म्हणाले, मढवी,
कंत्राट मार्चपर्यंतच आहे ना तुमचं?
एवढंच म्हणाले.
मी ओळ काढून टाकली.
तर त्याचाही राग:
आईला घाबरली महापालिका!

दुपारभर खिडकीखाली
टँकरचा पाइप गळत होता
आणि एक कुत्रं शांतपणे पीत होतं.
त्याची काही तक्रार नव्हती.

साडेपाचला, इतर कुणाला दिसणार नाही असं,
त्या बाईंना लिहिलं: नका करू.
चूक झाली माझी.
लगेच उत्तर आलं.
असू दे. तुम्ही केलात का?

आता काय सांगू.
ती ओळ नेरुळकरांसाठी नव्हतीच.
साडेबारा टक्क्यांचा भूखंड
आईनं बहिणीच्या नावावर केला, त्या दिवसापासून
दिवाळे गाव म्हणजे मला
नुसती बसवरची पाटी.
तीन वर्षं, चार महिने.
कुणीतरी सांगायला हवं होतं मला,
आणि या कार्यालयात
लोकांना सांगायचं काम माझ्याकडे.

शिपाई एकेक पंखा बंद करत येतोय.
नंबर पाठ आहे.
ती ओट्यावर सोडे निवडत बसली असेल,
हात पदराला पुसेल,
फोन उलटा धरेल कानाला, नेहमीसारखा,
आणि कोण रं, कोण रं, करत राहील.
काही ऐकू येणार नाही तिला आधी.

तेवढा वेळ मिळेल मला.