पहिलं तेल

तपकिरी कागदात गुंडाळून आलं ते.
आत गिरीस, पिवळट, घट्ट,
कुणी तुपात बुडवून विसरून गेल्यासारखं.

परभणी, मुख्यालय, शस्त्रागाराची मागची खोली.
एप्रिल. पंखा फिरतो, वारा येत नाही.
चांदपाशा हवालदार टेबलावर चादर अंथरतात.
चादरीवर मोर, दोन मोरांवर जुने डाग.
"बसा मॅडम. घाई हाय का? नाही ना?
मग घड्याळ काढून ठेवा."

काढलं.
मनगटावर पांढरा पट्टा,
बाकीचा हात बंदोबस्तानं रापलेला.

"आधी मॅगझिन काढा. आता आत बघा.
आता करंगळी घाला. आता परत बघा."
नवं कोरं आहे, मी म्हणाले,
तुमच्यासमोरच कागद फाडला.
"रिकामंच हाय म्हणणाऱ्यांना
मी दवाखान्यात भेटून आलोय."
पुढं बोलले नाहीत.
मी परत बघितलं.

मग ते खोललं.
स्लाईड, स्प्रिंग, नळी,
एकेक मोराच्या अंगावर मांडत गेले
डावीकडून उजवीकडं.
"खोलताना मराठी," म्हणाले,
"जोडताना उर्दू. ध्यानात ठेवलं की चुकत नाही."

जुन्या लुंगीचे चौकोन कापून ठेवलेले.
सुतीच पाहिजे, टेरिकॉट नुसतं गिरीस ढकलतं.
मी बोटाला चिंधी गुंडाळली,
खाचेत घातली, फिरवली
आणि आई आठवली.

सेलूला आमच्या गल्लीत ती बाळं न्हाऊ घालायची.
आल्या आल्या लेकरांच्या अंगावर असंच असतं,
पांढरं, चिकट. घाईनं पुसू द्यायची नाही ती.
काखेत, मानेच्या घडीत, कानामागं
बोटाला असंच मऊ कापड गुंडाळून
हळू.
मला ते आवडलं नाही.
चिंधी सोडली, ब्रश घेतला.

नळीतून पहिला चौकोन काळा आला. दुसरा पिवळा.
तिसरा, चौथा, सहावा.
नवी वस्तू इतकी घाण कशी?
"घाण नव्हं ती. वाटंत गंजू नये म्हणून
कुणीतरी बांधून दिलेली शिदोरी.
पण घरी आल्यावर शिदोरी सोडायची असती."

नळी खिडकीकडं धरली.
आत झळझळीत पीळ, फिरत गेलेले.
चारठाण्याच्या बारवेत तळाशी उताणं पडून
वर बघावं तसं,
कडेवर कडा, कडेवर कडा,
आणि टोकाला बटणाएवढं आभाळ.
कशातून बघतेय तेच विसरले क्षणभर.
"बस," चांदपाशा म्हणाले. "लई बघू नका."

तेलाची कुपी शिवणयंत्राला असते तेवढी.
मी दाबली. चार थेंब.
"मारुतीला घालायलाव का?"
तीन त्यांनी टिपून घेतले.
"इथली काळी माती वाळली की पीठ होती.
तेल जास्त झालं की ती पाहुणी येती
आन् आली की जात नाही.
घासतं तिथं थेंब. नळीत नुसता वास ऱ्हाऊ द्या."

एकतीस वर्षं झाली त्यांना या खोलीत.
किती नग हातातून गेले, विचारलं.
त्यांनी रजिस्टरांच्या चळतीकडं हनुवटी केली.
त्यातले कितींनी,
असं विचारणार होते,
पण ते स्प्रिंग बसवायला वाकले होते
आणि स्प्रिंग बसवताना कुणाशी बोलू नये.

जोडताना उर्दू.
दोनदा चुकले. तिसऱ्यांदा बसलं.
वाळूच्या पेटीकडं तोंड करून घोडा ओढला,
टक्.
ट्रंकेची कडी लागावी तेवढाच आवाज.
उद्या रेंजवर तेवढाच नसणार.

रजिस्टरात नंबर लिहिला, खाली सही,
पद्मिन मुंजाजी गिराम.
बोटाचं तेल कागदात उतरलं, कागद पारदर्शक झाला,
मागच्या पानावरचं कुणाचं तरी नाव
माझ्या सहीखालून वर आलं,
उलटं.
वाचता आलं नाही.

कॅन्टीनमध्ये चहाचा ग्लास हातातून दोनदा निसटला.
पोऱ्या व्यंकटी माझी नखं बघून हसला,
"मॅडम, गाडी दुरुस्त करायलाव का?"
हो म्हणाले.
चेनला तेल दिलं.