लांपीटरचा शनिवार

नगरभवनाचं दार एमलिनच उघडतो,
पहाटे सहाला.
टेबलं मांडतो, जागा ठरवतो:
नेरिसचं चीज दाराशी,
नव्या सीरियन जोडप्याच्या रोट्या शेगडीजवळ,
"ऊब लागली की वास सुटतो."
स्वतःचं टेबल मुतारीच्या वाटेवर.

बारापर्यंत त्यानं सगळ्यांकडून काहीबाही घेतलं.
त्याची लीक मात्र तशीच पडून,
कांद्याची ही उंच, अबोल बहीण,
मुळांना टायवीकाठचा चिखल.

सुपरमार्केटात स्पेनची मिळते,
धुतलेली. स्वस्त.
त्यावर तो बोलत नाही.
पातेलं चढवतो,
मेंढीची हाडं, बटाटे, सगळ्या जुड्या चिरून.
"खुर्च्या मग उचलू.
आधी जेवा."

वाडगी कमी पडली.
मला चहाच्या कपात मिळालं,
कान तुटलेल्या.