शेरा

शंकरनगरला, तिसऱ्या मजल्यावर,
कूलरचा पंप घरघरत असतो
आणि मी दहा मीटरच्या एकेका चौकोनाला
नाव देत बसते:
पाणी. पडीक. झाड. छप्पर.
पाणी.

यंत्र शिकतं. शिकवणीच्या पोरासारखं,
घोकून.
कोराडीच्या अलीकडे राख सोडतात ती जागा
त्यानं निळी रंगवली.
खात्री: सत्त्याण्णव टक्के.

म्हणून गेले. मे महिना, डोक्याला दुपट्टा,
हातात जीपीएस, बाटलीतलं पाणी चहाइतकं गरम.
राखेच्या बांधावर शेळ्या राखत होत्या
यमुनाबाई नेवारे.
"मावशी, हे पाणी आहे का?"

"पाणीच दिसून राह्यलं ना, बाई.
मागच्या हिवाळ्यात तीन बदकं उतरली होती,
त्यायलेबी तसंच वाटलं.
पाय पांढरे करून उडाली.
मंग नाही आली."

मी काठावर उभी राहिले. वरची साय
उन्हात खरंच चकाकत होती.
आठशे किलोमीटर वरून
मीही फसले असते.

घरी मोरीत पाय धुतले.
बराच वेळ पांढरंच वाहत होतं.

दुसऱ्या दिवशी निळा पुसला,
'राख' लिहिलं. एकशे बारा चौकोन,
एकेक करून. एकदम होत नाही ते.
शेवटी शेऱ्याचा रकाना होता.
तिथं बदकांबद्दल लिहायला घेतलं
तर अक्षरं उमटेनात,
तिथं आकडेच चालतात.

लिहिलं: ३.