घासलेली जागा

सरकीच्या गोदामात नत्थू भोयरचा व्हिडिओ चालायचा.
दोन रुपये. बसायला पोती.
बिडीचा धूर, सरकीचा तेलकट वास,
आणि रिवाइंडचं बटण माझ्या हाती, मी सहावीत.

त्या साली एकच कॅसेट गावाला पुरली.
एक माणूस, त्याच्या डोक्यात कोणीतरी बोलतं.
दाढी करता करता तो थांबायचा, आरशाला हो म्हणायचा,
तेव्हा पोट्टे कावायचे : पुढं घे बे.
मग बाई जिन्याखाली यायची.
मग सुरा.
मग मागच्या पोत्यावरून झोलबा चापले,
एरवी बैलालाही हाक न मारणारा झोलबा,
हळूच म्हणायचा,
"अजून एकडाव लाव."

मी लावायचो.
बटण दाबलं की रक्त भिंतीवरून सुटायचं,
थेंब न थेंब जखमेत परतायचा,
जखम मिटायची, सुरा लख्ख होऊन मागं सरायचा,
बाई उठायची, उलट्या पावलांनी जिना चढायची.
उलट्या पावलांची हडळ आम्हाला ठाऊक होती,
ही मात्र बरी होत होत उलटी चालली होती.
वरच्या पायरीवर केस नीट करायची.
तिथं मी बटण सोडायचो.

महिन्याभरात फीत नेमकी तिथं घासली.
आधी चेहरा गेला, मग हात, मग सुराही,
उरल्या पडदाभर मुंग्या, काळ्या-पांढऱ्या,
आणि मुंग्यांच्या आतून किंकाळी.
तेवढी शाबूत.
खरी गर्दी त्यानंतरच झाली.
मुंग्यांत प्रत्येकजण आपापलं पाहायचा.
कोणी म्हणे डोळा, कोणी आतडी,
वासुदेव ठवकर म्हणाला जीभ, आणि उठून मुतायला गेला,
परत आलाच नाही.

बाहेर अनुसया फल्ली विकायची,
झोलबाची बायको.
तिचं जर्मनचं माप, काठाला चेमटलेलं.
बायांना आत घेत नसत. तिच्या वाट्याला भिंतीतून फक्त आवाज.
"काबे, ते बाई रोजच मरते?"
खोटं असते मावशी. रंग असते.
"रंग असन. बोंबलते त खरी."
माप भरलं, ओतलं, पुन्हा भरलं.
"एवढे लोक बसता अंदर.
एकालेही उठा नाही वाटत?"
आणि मूठभर फल्ली माझ्या खिशात,
गरम, मांडीला लागेल इतकी.

पोळ्याच्या सुमारास एका रात्री लाइन गेली.
तिची टोपली विसरलेली दिसली म्हणून
मी ती पोचवायला निघालो.
चापल्यांच्या गल्लीत कुत्रं भुंकलं नाही.
दार अर्धं उघडं होतं.

तिथून पुढं मुंग्या.

दुसऱ्या दिवशी फल्ली विकायला दुसरीच बसली,
माप नवं, हात आखडता.
झोलबा आला, आपल्या पोत्यावर बसला.
तो सीन आला, गेला.
काहीच म्हणाला नाही.
मीही काही विचारलं नाही, आणि मला कोणी.

परवा यवतमाळच्या गाडीत मोबाइलवर तो सिनेमा सापडला,
धुऊन पुसून लख्ख केलेला.
मी श्वास रोखून जिन्याशी पोचलो.
चार सेकंद.
एक हात, भिंतीवर सावली, सॉसची धार.
डोळा नाही, आतडी नाही, जीभ नाही.
शहरी बंगला, पायऱ्यांवर गालिचा.
सारवलेली जमीन कुठेच नाही,
तिच्यात रुतलेल्या हिरव्या बांगड्या नाहीत,
आणि चेमटलेलं माप
घरंगळत उंबरठ्यापर्यंत येतं, माझ्या पायाशी,
गोल फिरतं, फिरतच राहतं, मग थांबतं,
ते तर नाहीच.

बोटानं मागं घेतलं. आता फीत घासत नाही.
रक्त परतलं. सुरा परतला.
बाई जिना चढली, केस नीट केले.

शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, काय पाहून राहिला बा?
मी म्हणालो, काही नाही, रंग आहे.
आणि अजून एकडाव लावलं.