तीनशे एमबी

भद्रकालीत, बोळाच्या तोंडाशी माझं दुकान.
पुढे कव्हरं, चार्जर; मागच्या खणात
चार जीबीच्या कार्डात कोंबलेले चौदा पिक्चर.
अंबडची सेकंड शिफ्ट सुटली की पोरं यायची,
"दादा, भरपूर टाका."
भरपूर म्हणजे बारीक, हे त्यांनाही ठाऊक.

मशीन म्हणजे कंजूष दिवाणजी.
भिंत हलली नाही की वहीत लिहितं: वरीलप्रमाणे.
आभाळ, वरीलप्रमाणे. हिरोचा कोट, वरीलप्रमाणे.
बोलणारे ओठ तेवढे नव्याने मांडतं.
धूर त्याला परवडत नाही,
वाऱ्यावरची बाजरी परवडत नाही,
आणि गर्दी तर नाहीच.
गर्दीत जो तो आपापला हलतो,
मग ते चार डोकी मिळून एक चौकोन करतं,
तपकिरी.

कौतिकाबाई आल्या देवळाली गावातून.
फोनमध्ये जागा उरलेली तीनशे एमबी,
बाकी सगळी नातवंडं.
म्हणाल्या, त्या पिक्चरमध्ये माझे वडील आहेत.
आपल्याच स्टेशनावर शूटिंग झालं होतं,
गाडी हलते, हिरोईन रडते,
मागून ट्रंक घेऊन सखाहरी हमाल
एकदा कॅमेऱ्यात बघतो.
बघू नको म्हटलं होतं, तरी.
घरात त्यांचा एकही फोटो नाही.

बसवला तीनशेत.
हिरोईनचा अश्रूसुद्धा दिसला.
तिच्या मागे एक चौकोन, चौकोनावर ट्रंक.
बाईंनी फोन लांब धरला, जवळ धरला,
पदराने चष्मा पुसला.
"माझी काच खराब आहे का हो?"

त्या रात्री शटर अर्धं ओढून बसलो.
माप तेच ठेवायचं
तर कुणाच्या तरी ताटातलं काढावं लागणार.
काश्मीरचा बर्फ काढला, दोन गाणी,
शेवटची हाणामारी, कोर्टातलं भाषण.
आवाज घागरीतून आल्यासारखा झाला, होऊ दिला.
आणि ते अकरा सेकंद सैल सोडले.
लागेल तेवढं खा, म्हटलं.

सकाळी त्यांनी उभ्याउभ्याच पाहिलं,
एक्केचाळीसाव्या मिनिटाला बोट ठेवून.
बराच वेळ.
मग म्हणाल्या,
"मुंडासं जांभळं होतं होय?
आई लाल सांगायची."

मी चार्जरची वायर गुंडाळत राहिलो.
रंगात मशीन सगळ्यात आधी काटकसर करतं,
आणि माझ्याकडे आलेली कॉपी
आधीच कुणीतरी, कुठेतरी,
दाबून पाठवलेली होती.