हीच ती

यावलच्या वाचनालयात दुपारी तीनला वीज येते.
तोवर मी कार्डं पुसते.
वाळवी नाही लागलेली,
पण कोपऱ्यांवर केळ्याच्या वेफर्सचं तेल आहे,
माझ्याआधीच्या साऱ्या कारकुनांचं.

जळगावहून शिकवायला आलेला पोरगा म्हणाला,
मॅडम, पुस्तक म्हणजे आता कपाटातली जागा नाही.
पुस्तक म्हणजे गाठ. दोरे तुम्ही शोधायचे.
कुणी लिहिलं, कशावरून लिहिलं,
कुठल्या भाषेत गेलं, कुणाच्या नावावर चढलं.
चढलं, असंच म्हणाला.
मला सातबारा आठवला.

कार्ड आठशे बारा. सात घागरींची बाई.
फैजपूर, एकोणीसशे अडतीस.
कु. दुर्गा कौतिक भंगाळे.

कार्ड दोन हजार सेहेचाळीस. रहाटाखालचा हिशेब.
भुसावळ, एकोणीसशे एक्कावन्न.
सौ. सुशीला इच्छाराम नेहेते.

एक खिडकीजवळच्या कपाटात, एक जिन्याखाली.
दोन्हींत एक विहीर आहे,
विहिरीला तेरा पायऱ्या,
आणि नववी नाही.
दोन्हींत बाया आठवीवरून थेट दहावीवर पाय टाकतात,
भरली घागर घेऊन,
आणि कुणीच त्याबद्दल बोलत नाही.

मग मी सभासदांची जुनी वही काढली.
अनुक्रमांक नव्याण्णव, सौ. सु. इ. नेहेते,
पुढे बारीक अक्षरात: पूर्वीची दुर्गा.
त्यावर आडवी रेघ.
रेघेखालचं वाचता येतं.
मारणाऱ्यानं जोर दिला नव्हता,
की मारणारीनं, कोण जाणे.

भालोदला मुलगा आहे, ऐंशीच्या घरातला.
खाटेवर बसून म्हणाला,
"माय? ते दुधाचा हिसोब लिव्हे, बस."
मग थोडं थांबून, "पैसे भेटतीन का काही?"
हिशेबाची वही मात्र दाखवली त्यानं.
सगळं लिटर आणि आणे.
नऊचा आकडा तेवढा तसाच,
शेपटी डावीकडे वळवलेली,
कुणी हाक मारल्यावर मान वळवावी तशी.

आज वीज वेळेवर आली.
पडद्यावर प्रश्न:
ही व्यक्ती आणि ती व्यक्ती एकच आहे का?
होय. नाही. बहुधा.
बहुधा जपून वापरा, पोरगा म्हणाला होता.
मी होय दाबलं.
लगेच दुसरा प्रश्न: मुख्य नाव?
ही जागा रिकामी ठेवता येत नाही.

फेरफार करताना तलाठ्याचा हात
असाच थांबत असेल का? नसेल.
मी दुर्गा लिहिलं.
म्हणजे सुशीलावर रेघ मारली,
जोर न देता.

सव्वा महिन्यानं नंदुरबारहून निरोप आला,
तिथल्या ग्रंथपालांचा, वळवी नावाच्या.
त्यांच्याकडे एक गुजराती पुस्तक आहे,
मुखपृष्ठ गेलेलं.
मूळ लेखिकेच्या जागी नुसतं
'एक खानदेशी बहेन'.
तुमचा दोर दिसला, म्हणाले, जोडू का?
फक्त एक शंका आहे:
आमच्या विहिरीला पायऱ्या बारा.
तुमच्याकडे किती?

पाच दिवस झाले.
मी अजून उत्तर दिलेलं नाही.
दोन्ही पुस्तकं टेबलावर उघडी ठेवलीत,
आणि बोट ठेवून मोजते आहे,
सहा, सात, आठ.